बापदेवाचं कवच

वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीसाठी उभा केलेला दगड, हे मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. आणि मी महाडच्या शाळेत इतिहास शिकवत होते. शाळेच्या वाटेवर एका देवळामागे असा एक दगड आडवा पडलेला होता. त्याच्यावर मुलं दप्तरं ठेवायची. मीही कितीदा त्याच्यावर पिशवी टेकवून छत्री मिटली असेल. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांनी एकदा त्याच्याकडे बोट दाखवून विचारलं, "हा कुठल्या काळातला?" मी म्हटलं, "पायरीचा दगड असेल." त्यांनी खाली बसून हाताने माती झटकली आणि मला घोडा दाखवला, भाला दाखवला, वर शिवलिंगापाशी हात जोडून बसलेला माणूस दाखवला.

त्यानंतर मी पुण्याला शनिवार-रविवारचा पुरातत्त्वाचा एक अभ्यासक्रम केला. पहाटेची एसटी पकडून जायचे. तिथे शिलालेख शिकवणारे एक सर होते. वय झालेले, बारीक आवाजाचे, फळ्यावर जुनी अक्षरं अशी काढायचे की बघत राहावं. त्यांनीच मला सुचवलं की महाड आणि पोलादपूर तालुक्यांतले वीरगळ, जुनी टाकी, भंगलेल्या मूर्ती यांची गावोगाव फिरून नोंद करा. ते म्हणाले, "तुमच्याकडे जो तो हिरकणीवाडीला गाडी लावतो आणि रोपवेनं रायगडावर जातो. खालच्या वाड्यांमध्ये काय आहे ते कुणी बघितलेलं नाही."

मी नोंदवही केली. गाव, वाडी, दगड कुठे आहे, उंची, रुंदी, एकावर एक कोरलेले किती कप्पे, त्यांत काय कोरलंय, लोक त्याला काय म्हणतात. वर्ग नसलेल्या रविवारी सकाळी स्कूटी काढायची, टेप, कुंचला, पाण्याची बाटली आणि डबा घ्यायचा. दासगावच्या बाजूने सुरुवात केली आणि हळूहळू आत, घाटाच्या दिशेने सरकत गेले. घरच्यांनी आधी चेष्टा केली, मग सोडून दिलं. मला त्या कामाचा आनंद होत होता हे खरं आहे. पण त्याच्या जोडीला दुसरंही काही वाढत होतं. पुण्याच्या वर्गातले लोक आपापल्या भागातले शिलालेख दाखवायचे आणि मी नुसते घोडे आणि भाले. एकदा चहाच्या वेळी कुणी तरी सहज म्हणालं, "तुमच्या खोऱ्यात लेख मिळणार नाहीत हो, तिकडे लिहिणारं कोण होतं?" सगळे हसले, मीही हसले. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

वरंधच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे. तिचं नाव इथे लिहीत नाही, का ते पुढे कळेल. पंधरा-वीस घरं, त्यातली निम्मी गणपतीला आणि होळीला उघडणारी, कारण माणसं मुंबईत. वाडीच्या वरच्या अंगाला एका जुन्या आंब्याखाली बापदेव होता. वाडी ज्याने वसवली तो मूळपुरुष, असं लोक मानत. मला तो दिसताक्षणी वीरगळ म्हणून ओळखू आला, तीन कप्प्यांचा, कमरेएवढा. पण सगळा शेंदराखाली. पिढ्यान् पिढ्या तेलात कालवून लावलेल्या शेंदराचं जाड कवच झालं होतं, आणि त्यावर मेणाने बसवलेले चांदीचे दोन डोळे.

त्याची पूजा एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घराकडे होती. भात आणि नाचणी करणारी माणसं. बाबा काटक आणि कमी बोलणारे, आणि आजी त्यांच्या वाटणीचंही बोलणाऱ्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आजींनी विचारलं, "सरकारची काय गो तू?" मी म्हटलं, "नाही, शाळेची." मग त्यांनी घावणे घातले. पुढच्या तीन-चार रविवारी मी वाट वाकडी करून तिथे गेले. बाबा मला लेकीला म्हणावं तसं 'बाय' म्हणायला लागले.

अशाच एका रविवारी दगडाच्या दोन कप्प्यांमधल्या सपाट पट्टीवरून हात फिरवताना, जिथे कवच पातळ होतं तिथे, बोटाला काहीतरी लागलं. एक उभी रेघ, तिच्याशेजारी गोल, परत उभी रेघ. मी डोळे मिटून पुन्हा बोट फिरवलं. ती अक्षरं होती. घरी येऊन सरांना फोन केला. ते खूश झाले, आणि लगेच सावध झाले.

"मॅडम, हात लावू नका. कवच जुनं आहे, आणि खालचा दगड खराब झालेला असण्याची शक्यता आहे. तिरप्या उन्हात फोटो घ्या. पावसाळा जाऊ दे, दिवाळीनंतर मी स्वतः येतो. सोबत या कामातला जाणकार आणतो."

"हो सर," मी म्हटलं.

तेव्हा माघ महिना होता. वैशाखात पुण्याला एक परिषद होती आणि तिथे निबंध वाचायला मी नाव दिलेलं होतं. दिवाळीनंतर सर येणार, जाणकार येणार, ते लेख वाचणार, त्यांच्या नावाने तो छापला जाणार आणि तळटिपेत कुठेतरी माझे आभार मानले जाणार. मी दोन दिवस हाच विचार करत होते. तिसऱ्या दिवशी माझं ठरलं होतं.

मी बाबांना विचारलं, "शेंदूर काढून बघितला तर चालेल का? खाली अक्षरं आहेत. तुमच्या बापदेवाचं नाव असेल."

बाबांनी दगडावरून हात फिरवला. म्हणाले, "कवच आपसूक गळतं कंदीतरी. मानसानं काडलेला नाय आयकला." मग म्हणाले, "तुला कलतं यातलं? दगडाला काय व्हनार नाय ना?"

"काही होणार नाही बाबा. मी त्याचंच शिकलेय."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं आहे. मी अक्षरं वाचायला शिकले होते. दगड साफ करायला मला कुणीही शिकवलं नव्हतं, उलट करू नका एवढंच शिकवलं होतं.

बाबांनी वाडीतल्या चार माणसांना विचारलं. मग देवाला कौल लावला. ओल्या तांदळाचे दाणे दगडाला चिकटवले आणि आम्ही सगळे गप्प उभे राहिलो. उजवीकडचा दाणा पडला. "देव व्हय म्हनतो," बाबा म्हणाले. आजींनी चांदीचे डोळे हलक्या हाताने सोडवले आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवले.

पुढच्या रविवारी मी सकाळी आठला तिथे होते. आधी कोमट पाणी आणि मऊ कुंचला. मग टर्पेंटाइनचे बोळे. दोन-तीन तासांत कडेचा थोडा लगदा निघाला, बाकी कवच जसंच्या तसं. ऊन वर आलं. बाबा मांडी घालून बाजूला बसले होते, त्यांनी एकदाही घाई केली नाही. घाई मला झाली होती. मी महाडच्या बाजारातून सुताराची एक पटाशी आणि लहान हातोडी आणलेली होती. पिशवीत तळाशी ठेवली होती, आणि ती पिशवीत घालतानाच मला ठाऊक होतं की मी ती काढणार.

पटाशी कवच आणि दगड यांच्या फटीत घातली आणि हलके ठोके दिले. एक, दोन, पाच. मग जरा जोरात. मधल्या पट्टीवरचा वीतभर लांबीचा तुकडा एकदम सुटला आणि माझ्या हातात आला. मी आधी दगडाकडे बघितलं. तिथे करडा, भुसभुशीत, ताजा पापुद्रा उघडा पडलेला होता. अक्षरं नव्हती. हातातला तुकडा उलटा करून बघितला तर त्याच्या पाठीला दगडाची साल चिकटलेली होती, मातीसारखी, आणि माझा अंगठा लागला तशी ती भुकटी होऊन गळायला लागली. पट्टीच्या उजव्या टोकाला दोन अक्षरं राहिली होती. बाकी सगळी ओळ गेली होती. कित्येक शतकं पावसात उभी असलेली ओळ मी अर्ध्या मिनिटात घालवली.

"निघालं का गो?" बाबांनी विचारलं.

"निघालं."

"काय लिवलंय?"

माझ्या तोंडून आलं, "पुसट झालंय बाबा. फार जुनं आहे ना. पाण्यापावसानं झिजलंय."

"आसंल," बाबा म्हणाले.

देवाचं कवच गळलं की ते नदीत सोडायचं अशी रीत. बाबांनी पांढऱ्या कापडात सगळे तुकडे गोळा केले, वर हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला. आम्ही खाली नदीवर गेलो. कापडाचं एक टोक माझ्या हातात होतं. ते तुकडे पाण्यात जाताना मला काय वाटलं, तर सुटल्यासारखं वाटलं. कुणाला दिसायला आता काही उरलं नाही, असं. हे लिहायला मला सगळ्यात जड जातं आहे.

वैशाखात मी परिषदेत निबंध वाचला. "महाड-पोलादपूर खोऱ्यातला पहिला कोरीव लेख असलेला वीरगळ." पडद्यावर दोन अक्षरांचा फोटो. खाली मी लिहिलं होतं, "उर्वरित अक्षरे काळाच्या ओघात झिजली आहेत." टाळ्या झाल्या. लिहिणारं कोण होतं म्हणणारे गृहस्थही येऊन अभिनंदन करून गेले. सर पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या, पण नंतर फक्त एवढंच विचारलं, "कवच कसं काय निघालं?" मी म्हटलं, "गळलं सर." ते म्हणाले, "बरं. दिवाळीनंतर येतोच."

आणि ते आले. भाताची कापणी झालेली होती. मला वाटलं होतं टाळता येईल, पण त्यांनी दिवस कळवला, गाडी ठरवली, आणि मला बरोबर जावं लागलं. मधल्या काळात दगडाला पुन्हा शेंदूर लागला होता, पण मधली पट्टी मोकळी होती, कारण भुसभुशीत दगडावर शेंदूर धरत नव्हता. डोळेही नीट बसत नव्हते, एक जरा खाली घसरला होता.

सर गुडघे टेकून बसले. चष्मा वर केला, भिंग काढलं. पट्टीवर बोट न लावता बराच वेळ बघत राहिले. मग बाबांकडे वळले. "बाबा, ही पट्टी अशी कधीपासून आहे?"

बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा कसा होता मला माहीत नाही. मग ते सरांना म्हणाले, "आमच्या बापाच्या टायमापासून आशीच हाय."

"आणि कवच?"

"ते यंदा गळलं. आपसूक."

"त्याचं काय केलंत?"

"नदीत सोडलं. रीत हाय ना."

सरांनी मान हलवली. म्हणाले, "रीत आहे, तुमचं काही चुकलं नाही. पण त्या कवचाच्या पाठीवर अक्षरं उलटी उमटलेली असतात, साच्यासारखी. वर चिकटलेली दगडाची साल हलकेच काढली असती आणि आरशात बघितलं असतं, तर कदाचित ओळ वाचता आली असती."

मी आंब्याच्या मुळीवर बसले होते. दगड बिघडल्यानंतरही ओळ माझ्या हातात होती, आणि मी ती कापडाचं टोक धरून नदीपर्यंत पोचवली होती. त्याच दिवशी संध्याकाळी एक फोन केला असता, खरं सांगितलं असतं, तर सरांनी मला तेच सांगितलं असतं.

परतीच्या वाटेवर बिरवाडीच्या फाट्यापाशी चहाला थांबलो. त्यांनी चहाचा पेला दोन्ही हातांत धरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, पटाशीच्या खुणा मला ओळखता येतात. तीन आहेत. तो म्हातारा माणूस आज खोटं बोलला. त्याच्या देवासमोर बसून बोलला. कुणासाठी, ते मी विचारत नाही."

त्यांनी दोन चहाचे पैसे दिले आणि आम्ही गाडीत बसलो.

पुढच्या रविवारी मी वाडीवर गेले. बाबा ओटीवर दोरी वळत होते. आजी आत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं, की पट्टी पाण्यापावसानं गेली नाही, मी फोडली, आणि मला या कामाचं काही शिकवलेलं नव्हतं.

बाबांनी दोरी खाली ठेवली नाही. "म्हायत हाय," ते म्हणाले. "दगडाचा आवाज आला ना. बांध घालण्यात जल्म गेला आमचा. फुटला की कलतो."

"मग त्या दिवशी सरांना तसं का सांगितलंत?"

"तू आमच्याकडं आलेली. परक्या मानसाम्होरं तुला खाली बगायला लावू काय मी?" दोरीला पीळ देत म्हणाले, "आनि कौल मीच लावलेला. दाना पडला तवा मलापन बगायचंच व्हतं काय लिवलंय ते."

मला रडू आलं. आजी दारात येऊन उभ्या होत्या. मला वाटलं त्या जवळ येतील. त्या आल्या नाहीत.

"हे म्हनतील जाऊ दे," आजी म्हणाल्या. "मी नाय म्हननार. लगीन हून आले तवापासून रोज सकाली तोंड धुतलंय त्याचं मी. तुला नाव पायजे व्हतं त्याचं. आमाला नाव लागत नव्हतं. बापदेव म्हनलं का तो आयकत व्हता." मग त्यांनी विचारलं, "वाडीत सांगशील ना? का त्यांनाबी आमीच सांगायचं?"

मी सांगितलं. होळीला मुंबईची माणसं आली तेव्हा बापदेवापुढे सगळे जमले होते, तिथे उभी राहून सांगितलं. एका माणसाने, गोरेगावला रिक्षा चालवणाऱ्या, मला शांतपणे विचारलं, "तुमच्या घरातल्या देव्हाऱ्यावर तुम्ही पटाशी चालवली असती का मॅडम?" मी नाही म्हटलं. एक बाई म्हणाली, शिकलेली बाई म्हणून विश्वास ठेवला. कुणी ओरडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं की यापुढे बापदेवाला बाहेरच्या कुणी हात लावायचा नाही, फोटोसुद्धा काढायचा नाही. म्हणूनच मी वाडीचं नाव लिहिलेलं नाही. बाबा मान खाली घालून बसले होते. मी त्यांना खाली बघायला लावलं होतं, त्यांच्याच माणसांसमोर.

परिषदेच्या लोकांना मी पत्र लिहिलं. निबंधाच्या छापील प्रतीत "झिजली आहेत" हे वाक्य काढून तिथे "नोंद घेणारीने कवच काढताना नष्ट झाली" असं घालावं, अशी विनंती केली. त्यांनी निबंधच वगळला. सरांना पत्राची प्रत पाठवली होती. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं. त्या दोन अक्षरांपैकी एक मी चुकीचं वाचलं होतं, ते कसं वाचायचं हे त्यांनी लिहून पाठवलं. बाकी काही नाही. अजूनही आमचं बोलणं होतं, पण ते मला आता एकटीने कुठे जा असं सांगत नाहीत.

या खोऱ्यात बातमी पसरायला वेळ लागत नाही. लग्नात, बाजारात, एसटीत माणसं भेटतात. शेजारच्या दोन वाड्यांनी मला दगड बघू दिले नाहीत. एके ठिकाणी तर मी पोचायच्या आत दगडावर गोणपाट घातलेलं होतं. नोंदवहीत त्या गावांसमोर उंची, रुंदीचे रकाने मोकळे आहेत. शेरा या रकान्यात आधी मी "पाहता आले नाही" असं लिहायचे. आता कारणही लिहिते.

बाबा गेल्या श्रावणात गेले. मला निरोप उशिरा मिळाला. दहाव्याला गेले तेव्हा आजींनी मला ओळख दिली, चहा दिला. दगडाकडे चल असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

काम मी सोडलं नाही. सोडून द्यावं असं पुष्कळदा वाटलं, पण ते सोपं झालं असतं आणि मला सोप्याचा मोह आधीच एकदा झाला होता. या हिवाळ्यात पोलादपूरच्या बाजूला एका गावी गेले. पाणवठ्याजवळ एक वीरगळ आहे असं कळलं होतं. दगडाशेजारी एक वयस्कर बाई कपडे वाळत घालत होती. तिने माझी टेप बघितली, वही बघितली.

"बापदेव फोडला ती तूच काय गो?"

"हो," मी म्हटलं. "मीच."

तिने बादली खाली ठेवली. पदराला हात पुसले आणि दगडाशेजारी जाऊन बसली. "मोज," ती म्हणाली. "पन हात लावायचा नाय."

तिने स्वतःचा तळहात दगडाच्या माथ्यावर ठेवला आणि मी असेपर्यंत तो उचलला नाही. मी टेप दगडापासून दोन बोटं लांब धरून मापं घेतली. खालच्या कप्प्यात घोडा होता, मधल्या कप्प्यात तिघेजण. वरच्या कप्प्यात काय होतं ते तिच्या हाताखाली होतं. तो रकाना मी मोकळा ठेवला आणि तिचे आभार मानून निघाले.